एका रात्रीच्या कॅम्पिंगला कुठली सायकल? आधी घरातली बघा

कॅम्पिंगसाठी कुठली सायकल घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकते, आत्ता घरात कुठली आहे? कारण विषय एक-दोन रात्रींचा असेल, म्हणजे दुपारी निघायचं, ३०-४० किमी जायचं, तंबू टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी परत, तर त्याला खास टुरिंगचीच (सामान लादून लांबच्या प्रवासासाठी बनवलेली) सायकल पाहिजे असं अजिबात नाही. थॉमस स्टीव्हन्स नावाचा एक पठ्ठ्या १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ५० इंची चाकाच्या सायकलवर (तीच ती, पुढे अवाढव्य आणि मागे पिल्लू चाक असलेली) निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला, सामान काय तर मोजे, एक जादा शर्ट, एक पिस्तूल आणि एक रेनकोट, तोच तंबू आणि तोच बिछाना. आपल्याला तेवढं हाल करून घ्यायचं नाहीये पण मुद्दा कळला असेल.

तर सायकल भिंतीला टेकवा आणि पहिल्यांदा टायर बघा. म्हणजे टायर नाही, टायरच्या आजूबाजूची जागा. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंनी ५-६ मिमी मोकळी राहून किती जाड टायर बसतो, यावर सायकल कुठे जाऊ शकते ते ठरतं. २५ मिमीच्या वर जातच नसेल तर गुळगुळीत डांबरी रस्ता सोडायचा नाही एवढं लक्षात ठेवा. ३५ च्या पुढे बसत असेल तर कच्चा रस्ता चालतो, आणि ४०-४५ बसत असेल तर मग काय, मजाच. टायरच्या बाजूला ४०-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं त्यात पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, तो दुसरा जुळलाच पाहिजे नाहीतर टायर बसणारच नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर माझं मत चांगल्या टायरला, फ्रेम स्टीलची का अ‍ॅल्युमिनियमची यावर लोक तासन्‌तास भांडतात पण एका रात्रीसाठी दोन्ही सारखंच.

दुसरं गिअर. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठीचे. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण एक फेराही फिरत नाही, म्हणजे सामान लादूनही चढ बसल्या बसल्या चढता येतो. रेसिंगच्या सायकलला पुढे ३४ मागे २८ असं काहीतरी असतं, रिकामी असताना झकास, पण १०-१२ किलो मागे टाकले की गुडघे बोलायला लागतात. मागची कॅसेट (मागच्या चकत्यांचा अख्खा संच) थोडी मोठी टाकता येते का दुकानात विचारा, बऱ्याचदा येते, कधी डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदलावा लागतो.

आता कॅरिअर. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ फ्रेमला छोटी आट्यांची भोकं आहेत का बघा, आणि सीटच्या खाली वरच्या पाइपांवर अजून दोन. असतील तर काम सोपं, त्यात सहसा ५ मिमीचे बोल्ट जातात. नसतील तर क्लॅम्प लावून जमतं पण कार्बनची फ्रेम असेल तर तो नाद करूच नका, तिथे पट्ट्यांनी बांधायच्या बॅगाच बऱ्या, आणि पट्टी घासते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा लावून घ्या. कॅरिअर घेताना त्यावर किती किलो लिहिलंय ते वाचा, चांगल्यावर बहुतेक २५ लिहिलेलं असतं. आणि बॅगा लावल्यावर एकदा सीटवर बसून पायडल उलटं फिरवा. टाच बॅगेला लागते का? मागचा भाग आखूड असलेल्या सायकलला हमखास लागते, पाय मोठे असतील तर विचारूच नका. बॅग जरा मागे सरकवून बघायची, तरी लागली तर लहान बॅग.

कॅरिअर नकोच असेल तर हँडलला एक वळकटी, फ्रेमच्या त्रिकोणात एक बॅग आणि सीटमागे एक लांबट बॅग, हे हल्ली जास्त दिसतं, आणि खडबडीत रस्त्यावर खरंच बरं पडतं कारण बाजूला काही लटकत नाही, खडखडत नाही. पण यात एक गोम आहे जी विकणारा सांगत नाही. उंची कमी असेल आणि सीट खाली असेल तर सीट आणि मागच्या चाकात जागाच उरत नाही, बॅग टायरला घासते. आणि दुसरी म्हणजे तंबूच्या काठ्या. नेहमीच्या तंबूच्या काठ्या घडी करूनही ४५ सेंमीच्या आसपास असतात आणि रेसिंगच्या सायकलसारख्या खाली वळलेल्या हँडलच्या दोन शिंगांमध्ये तेवढी जागाच नसते, मग ती वळकटी आडवी बसत नाही, ब्रेकच्या लिव्हरला अडते, केबल दाबल्या जातात आणि गिअर नीट पडेनासा होतो. काठ्या वेगळ्या काढून फ्रेमच्या दांडीला बांधा, सुटला प्रश्न!

सामान भरायचा नियम साधा, जड ते खाली आणि मधे, फुगीर पण हलकं ते हँडलला किंवा मागे. स्लीपिंग बॅग दिसायला केवढी, वजन काहीच नाही, ती पुढे. पाणी १ लिटर म्हणजे १ किलो, ते फ्रेमच्या मधे, दुरुस्तीची अवजारं पण तिथेच. सगळं मागेच लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं.

मागच्या चाकावर मुळातच जास्त वजन येतं, त्यामुळे स्पोक तुटला तर बहुतेक मागचा, आणि तोही चेनच्या बाजूचा, जिथे कॅसेट काढल्याशिवाय नवीन घालता येत नाही. त्यामुळे निघायच्या आधी चाक आऊट (वाकडं फिरणारं) नाही ना, स्पोक सैल नाहीत ना हे तपासून घेतलेलं बरं. वाटेत तुटलाच तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळायचा, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर दाबणारा) असेल तर थोडा सैल करायचा आणि सावकाश घरी यायचं. सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, अ‍ॅलन कीचा सेट, चेनची जोडकडी, झिप टाय आणि कॅरिअरचे दोन जादा बोल्ट. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का हे घरीच बघा प्लीज, सुनसान रस्त्यावर नको. टायर ट्यूबलेस असला तरी एक ट्यूब ठेवाच.

आदल्या दिवशी सगळं सामान लादून एक चक्कर मारा, एखादा चढ आणि एखादा उतार असलेली. उतारावर ब्रेक किती आधी लावावे लागतात ते तेव्हाच कळतं, आणि हँडल थरथरतं का तेही. परत आल्यावर सीट धरून सायकल जोरात हलवा, जे आवाज करेल ते आवळा. कॅरिअरचे खालचे बोल्ट खास करून बघा, ते हळूहळू फिरत सैल होतात आणि पडल्यावरच कळतं, त्याला थ्रेडलॉकचा (आट्या घट्ट धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावला की बराच काळ बघावं लागत नाही.

आणि मागचा लाइट! तो बहुतेकांचा सीटखालच्या पाइपला असतो आणि बॅग लावली की अख्खा झाकला जातो, आपल्याला पुढून पत्ताच लागत नाही. कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर किंवा बॅगेच्या बाहेरच्या पट्ट्याला अडकवा आणि निघताना कोणाला तरी मागे उभं करून दिसतो का विचारा.