गवती धावपट्टीवर पाहुणा म्हणून जाताना: ठाण्यातल्या सिम्युलेटरची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत आमच्या विमानाच्या सिम्युलेटरचे योक (हाताने धरायचं सुकाणू) आणि रडर पेडल (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) पक्के बसले होते. या वेळी हार्डवेअरला हातच लावला नाही. सगळा वेळ गेला तो छोट्या गवती मैदानावर पाहुण्या पायलटने काय काय पाळायचं असतं, ते शिकण्यात. आमच्या ठाण्याच्या गटाने त्यासाठी इंग्लंड निवडलं. तिथे अशी मैदानं भरपूर आहेत आणि प्रत्येकाचे नियम छापलेले सापडतात. सुरुवात डॉर्सेटमधल्या कॉम्प्टन ॲबसपासून केली. मैदान टेकडीवर, समुद्रसपाटीपासून 800 फुटांहून थोडं वर, धावपट्टी सुमारे 800 मीटर आणि सगळी गवताची. विमान आपलं नेहमीचं सेस्ना 152.

पहिली पायरी पीपीआर (प्रायर परमिशन रिक्वायर्ड), म्हणजे आधी विचारल्याशिवाय यायचं नाही. सिम्युलेटरमध्ये कोणी अडवत नाही, म्हणून आम्ही खरोखरचा फोन करायचं ठरवलं. नौपाड्यातले आमचे काका मैदानाचे व्यवस्थापक झाले. कुठून निघणार, विमान कोणतं, किती जण, पोहोचणार किती वाजता, सगळं त्यांनी लिहून घेतलं. कुठली गावं टाळायची आणि सर्किट, म्हणजे उतरण्याआधी मैदानाभोवती घ्यायची ठरलेली फेरी, कोणत्या हाताचं, तेही सांगितलं. मग म्हणाले, "रात्रभर पाऊस झालाय. गवत कालच कापलंय, अगदी आखूड आहे. मैदान उघडं आहे एवढंच मी सांगणार. तुझ्या विमानाला ते पुरतंय की नाही, ते तू बघायचंस."

माझ्या मते सगळ्या नियमांचं मूळ इथेच आहे. परवानगी मिळाली म्हणजे धावपट्टी पुरेल असं नाही. ते गणित पायलटचंच, आणि ते घरी टेबलावर बसून करायचं असतं.

तर गणित असं. सेस्ना 152 च्या पुस्तकात 50 फूट उंचीवरून उतरून थांबेपर्यंतचं अंतर 1200 फूट, म्हणजे साधारण 366 मीटर दिलंय. हे समुद्रसपाटीला, वारा नसताना, कोरड्या पक्क्या धावपट्टीवर. ब्रिटनच्या सीएएच्या, म्हणजे तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाच्या, सेफ्टी सेन्स पत्रकाप्रमाणे कोरड्या गवतासाठी याला 1.15 ने गुणायचं, ओल्या गवतासाठी 1.35 ने. गवत अगदी आखूड आणि ओलं असेल तर ते इतकं निसरडं होऊ शकतं की 1.6 धरायचं. वर सुरक्षिततेसाठी आणखी 1.43. कोरड्या गवतावर उत्तर 602 मीटर येतं, ओल्यावर 707, आणि काकांनी सांगितलेल्या गवतावर 837. उंचीमुळे त्यात आणखी चारेक टक्के वाढतात. धावपट्टी 800 ची. त्या सकाळी जायचं नाही, विषय संपला. गवत वाळल्यावर दुपारी निघालो.

आखूड गवत बरं, असाच आपला समज असतो. उड्डाणासाठी ते बऱ्याच अंशी खरंही आहे, कारण लांब गवत चाकांना धरून ठेवतं. पण उतरताना ब्रेक लागायला हवेत, आणि ओल्या आखूड गवतावर चाक फिरायचं थांबतं, विमान मात्र घसरत पुढे जातं. सिम्युलेटरमध्ये हा निसरडेपणा खऱ्यासारखा जाणवेलच याची खात्री नाही. म्हणून आमच्या गटात कागदावरचा आकडा अंतिम. स्क्रीनवर विमान थांबलं तरी तो आकडा बदलत नाही.

उड्डाणाचा हिशोब वेगळा. पुस्तकातले 1340 फूट म्हणजे 408 मीटर, ओल्या गवताचे 1.3, सुरक्षिततेचे 1.33, मिळून 705 मीटर. जमीन मऊ असेल तर त्यावर किमान 25 टक्के आणखी. उतरता आलं म्हणून परत उडता येईल असं धरून चालू नये.

पावसात मैदान हातचं जाणं आपल्याकडच्या विमानप्रेमींना नवं नाही. 1932 साली टाटांची टपालसेवा सुरू झाली तेव्हा जुहूचं मैदान पावसाळ्यात निकामी व्हायचं आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा.

रेडिओवर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मैदानाच्या नावापुढे 'टॉवर' आलं तरच तो माणूस उतरायची परवानगी देऊ शकतो. 'रेडिओ' आलं तर तो वारा, वापरातली धावपट्टी आणि माहीत असलेली विमानं सांगेल. बाकी निर्णय तुमचा. मोठ्या विमानतळांवर उडवून सवय झालेली आमची मंडळी 'क्लिअर्ड टू लँड'ची वाट बघत राहतात. ते इथे येणार नाही. बोलायचं थोडक्यात, आणि डोळे सतत बाहेर, कारण रेडिओ नसलेलं विमानही सर्किटमध्ये असू शकतं.

ओव्हरहेड जॉइनवर, म्हणजे मैदानाच्या वरून येऊन सर्किटमध्ये शिरण्याच्या पद्धतीवर, मात्र मी मनापासून खूश आहे. मैदानापेक्षा 2000 फूट वर येऊन आधी वाऱ्याचा मोजा, धावपट्टी आणि सर्किटमधली विमानं बघायची. सर्किट नसलेल्या बाजूला सर्किटच्या उंचीपर्यंत खाली यायचं, धावपट्टीचं पलीकडचं टोक ओलांडायचं आणि डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेच्या बाजूला, सामील व्हायचं. आडव्या वाऱ्यात माझ्या या फेरीचा आकार अजून बिघडतो, त्यावर काम चालू आहे.

उतरल्यावर मऊ गवतात योक मागे ओढून पुढच्या चाकावरचा भार कमी ठेवायचा आणि टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेताना, थांबायचं टाळायचं. माणसं उभी असतील तिकडे प्रोपेलर फिरता ठेवून जायचं नाही. इंजिन बंद केल्यावर सरळ कार्यालयात जाऊन नोंद करायची, लँडिंग फी भरायची. हवामान बिघडून किंवा अडचणीत नाइलाजाने उतरावं लागलं तर फी माफ करणारी स्ट्रॅसर योजना ब्रिटनमधली बरीच मैदानं पाळतात. चार पैशांसाठी कोणी खराब हवेत पुढे रेटू नये, हा त्यामागचा हेतू. मला ही तरतूद फार आवडली.

पुढचं मैदान हॅम्पशायरमधलं पॉपहॅम. तिथे 26 नंबरच्या धावपट्टीकडे सरळ रेषेत येत नाहीत, रस्त्यालगतचा पेट्रोल पंप टाळून तिरकं यावं लागतं. फोन करायची पाळी या वेळी दुसऱ्याची आहे, आणि काकांच्या जागी व्यवस्थापकाची खुर्ची माझी. कोणी गणित न करता फोन केलाच, तर गवत किती ओलं आहे ते मी सांगणार, पुरेल का ते नाही.