लाप्लासच्या बांधावर किड ओरी

२०२२ च्या मार्चमध्ये ह्युस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गाडीने निघालो, सगळे म्हणत होते थेट फ्रेंच क्वार्टर गाठा, पण मला आधी अलीकडे लाप्लासला थांबायचंच होतं, कारण तिथल्या वुडलँड प्लांटेशनवर २५ डिसेंबर १८८६ ला जॅझमधला ट्रोम्बोनवाला (ट्रोम्बोन म्हणजे सरकत्या नळीचं पितळी फुंकवाद्य) किड ओरी जन्मला. उसाचा मुलूख, जवळच मिसिसिपीचा बांध. याच जागेवरून १८११ चा गुलामांचा मोठा उठाव सुरू झाला होता, त्या जुन्या घराच्या व्हरांड्यात उभं राहिलं की अंगावर काटा येतो.

पोरांकडे पैसे नव्हते तर ओरी नि त्याच्या दोस्तांनी सिगारच्या खोक्यांची वाद्यं बनवली, मग मासे तळून पार्ट्या केल्या, प्रवेशाचे पैसे घेतले, त्यातून खरी वाद्यं आणली. तो स्वतः सांगायचा, न्यू ऑर्लिन्सला बहिणीकडे नवा ट्रोम्बोन वाजवत बसलेला तर दारात खुद्द बडी बोल्डन, तिथला तेव्हाचा नावाजलेला बँडवाला, म्हणतो चल माझ्या बँडमध्ये! बहीण म्हणाली, लहान आहे अजून. आणि आईला शब्द दिलेला की एकवीस होईपर्यंत गाव सोडणार नाही, तो त्याने पाळला. मला ओरीचं हेच सगळ्यात भावतं.

नंतर शहरात त्याचा बँड घोडागाडीतून जाहिरात करत फिरायचा. ट्रोम्बोनची नळी हातभर पुढे सरकते, कुणाला लागू नये म्हणून वाजवणारा गाडीच्या मागच्या टोकाला, म्हणून त्या शैलीचं नावच टेलगेट, म्हणजे गाडीची मागची फळी. सूर घसरत घसरत खालून वर येतो ना, आपल्या मींडेसारखा, तो ऐकायचा तर ओरीचाच. पुढे जॅझचा मोठा ट्रम्पेटवाला झालेला लुई आर्मस्ट्राँग पोरसवदा असताना त्याच्याच बँडमध्ये होता, आणि १९२५ ला शिकागोत आर्मस्ट्राँगने हॉट फाइव्ह हा बँड काढला तेव्हा ट्रोम्बोनला ओरीच. मधे १९२२ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने रेकॉर्डिंग केलं, न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय जॅझ बँडचं ते पहिलं. मग मंदी आली नि या माणसाने चक्क कोंबड्या पाळल्या! १९४४ ला सिनेमावाल्या ऑर्सन वेल्सच्या रेडिओ कार्यक्रमाने त्याला परत आणलं, वय सत्तावन्न, आणि पुढे वीसेक वर्षं वाजवत राहिला. १९७३ ला होनोलुलूत गेला.

परतताना पुन्हा लाप्लासला वळलो. बांधाजवळ गाडी लावून ओरीचंच ‘मस्करॅट रॅम्बल’ लावलं, १९२६ चं, काचा खाली केल्या. नदीतून एक लांबलचक बार्ज, मालवाहू तराफा, चाललेला, तो वळणाआड जाईपर्यंत तीनदा ऐकून झालं.