बीव्हीझेडआय ब्रेकव्हॅनसाठी आयसीएफ बोगी: माझा अनुभव

माझ्या एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल) मालगाडीच्या शेवटी लागणारी बीव्हीझेडआय ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, बॉडीपुरती उत्तम होती. दोन्ही टोकांचे व्हरांडे, कठडे, मधली गार्डची केबिन, सगळं मापात. खाली मात्र कॅस्नब बोग्या होत्या, म्हणजे पुढच्या वाघिणींना असतात त्याच. (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा गाडा.) ब्रेकव्हॅन बाजूने पाहिली की काहीतरी खटकायचं. बोग्या बदलायच्या ठरवल्या, पण कोणत्या घ्यायच्या हे ठरवण्यातच बहुतेक वेळ गेला.

खऱ्या बीव्हीझेडआयखाली आयसीएफ बोगी असते, जुन्या निळ्या प्रवासी डब्यांखाली दिसते तीच जात. स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेनच्या आराखड्यावरून आलेली ही बोगी, आणि तिच्यावरचे डबे चेन्नईजवळ पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत (आयसीएफ) १९५५ पासून बनू लागले. मालगाडीच्या शेपटाला प्रवासी डब्याची बोगी असते, कारण आत माणूस बसतो. रिकामी वाघीण रुळांच्या सांध्यांवरून कशी आदळत जाते हे जवळून पाहिलं, की गार्डसाठी (२०२२ पासून पदनाम ट्रेन मॅनेजर) ही सोय किती गरजेची होती ते कळतं. म्हणून या मॉडेलमध्ये बोगी हा किरकोळ तपशील आहे असं मला अजिबात वाटत नाही. मालवाहू बोगी लावली तर ती ब्रेकव्हॅन राहतच नाही.

मापं बघा. कॅस्नबच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर २००० मिमी, आयसीएफचं २८९६ मिमी. एचओच्या १:८७ प्रमाणात ते अनुक्रमे २३ आणि ३३.३ मिमी होतं. एवढ्याशा बोगीत एक सेंटिमीटरचा फरक! चाकांचंही तसंच: कॅस्नबचं नवं चाक १००० मिमी व्यासाचं, आयसीएफचं ९१५ मिमी. म्हणजे मॉडेलवर ११.५ आणि १०.५ मिमी. थोडक्यात, चुकीची बोगी आखूड असते आणि वर चाकंही मोठी. डोळ्याला जे खटकत होतं ते हेच.

तयार बोग्यांमध्ये शोधताना मी पाकिटावरचं नाव बाजूला ठेवलं आणि फक्त धुऱ्यांमधलं अंतर विचारत गेलो. जर्मन डब्यांखालची मिंडेन-डॉइट्झ बोगी दिसायला देखणी, पण मूळ अंतर २५०० मिमी, एचओमध्ये २८.७. साडेचार मिमी कमी. मग गंमत अशी, की सगळ्यात जवळ आली ती दुसऱ्याच प्रमाणातली बोगी. ब्रिटिश मार्क वन डब्याच्या बोगीचं अंतर साडेआठ फूट. ते लोक ओओ म्हणजे १:७६ प्रमाणात मॉडेल करतात, त्यामुळे बोगी भरते बरोबर ३४ मिमी. आपल्याला हवी ३३.३. पाऊण मिमीहूनही कमी फरक कोणाच्या लक्षात येणार? पण तिची चाकं १२ मिमीची, आणि बाजूला धुऱ्यांशी पाट्यांच्या स्प्रिंगा. आयसीएफला पाटे नाहीतच, सगळ्या गुंडाळीच्या स्प्रिंगा. प्रत्येक ॲक्सलबॉक्सच्या (धुऱ्याचं टोक बसतं त्या पेटीच्या) दोन्ही अंगांना एकेक, आणि मध्यभागी बोल्स्टरखाली (डब्याचा भार घेणाऱ्या आडव्या तुळईखाली) जाडजूड स्प्रिंगा. बाजूने बघणाऱ्याला पहिल्यांदा हेच दिसतं. अंतर जुळलं तरी ही बोगी मी नाकारली.

शेवटी थ्रीडी प्रिंटिंगकडे वळलो. आराखडा करताना सगळ्यात उपयोगी पडला तो बोगीच्या बाजूचा, अगदी काटकोनात काढलेला फोटो. दोन धुऱ्यांच्या केंद्रांमधलं अंतर २८९६ मिमी हे पक्कं माहीत असल्यामुळे तीच फूटपट्टी झाली. फोटोत ते अंतर मोजायचं, आणि फ्रेमची जाडी, स्प्रिंगांची उंची, ॲक्सलबॉक्सची जागा सगळं त्यावरून काढायचं. फोटो तिरका असेल तर हा हिशेब फसतो; तसले फोटो फक्त नटबोल्ट कुठे आहेत ते बघायला ठेवावेत. आणि फोटो ब्रेकव्हॅनचाच घ्यावा, प्रवासी डब्याचा नको. जात एक असली तरी जोडलेल्या गोष्टी सारख्याच असतील असं धरून चालू नये.

चाकं मात्र विकतच घ्यावीत. अमेरिकन एचओ मॉडेलांसाठी ३६ इंची म्हणून जी चाकं मिळतात ती बरोबर १०.५ मिमीची असतात, आयसीएफच्या नव्या चाकाएवढी. ३३ इंची म्हणून मिळतात ती ९.६ मिमीची, आणि तीही चालतात! खरं आयसीएफ चाक झिजत झिजत ८२५ मिमीपर्यंत वापरलं जातं, म्हणजे मॉडेलवर ९.५. जुनी, मळकी ब्रेकव्हॅन करायची असेल तर मी लहान चाकंच पसंत करेन. फक्त बॉडी त्याबरोबर खाली येऊ द्यायची नाही. खऱ्या गाडीतही चाक झिजलं की पॅकिंग घालून उंची राखतात. आपण पिव्हटवर (बोगी जिच्याभोवती वळते त्या खिळीवर) पातळ वॉशर घालायचा.

ही उंची कपलरवरून, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावरून तपासावी. आपल्याकडे रुळापासून कपलरच्या मध्याची कमाल उंची ११०५ मिमी, एचओमध्ये १२.७. अमेरिकन कपलरचं प्रमाणित माप १० मिमीच्या आसपास आहे, त्यामुळे त्यांचा उंचीमापक इथे उपयोगी नाही. मी प्लॅस्टिकच्या पट्टीतून १२.७ मिमीचा ठोकळा कापून घेतला आणि प्रत्येक बदलानंतर तो कपलरला लावून पाहिला.

ब्रॉडगेजचा प्रश्न उरतोच. दोन रुळांमधलं खरं अंतर १६७६ मिमी म्हणजे एचओमध्ये १९.३, आणि आपले मॉडेलचे रूळ १६.५ चे. दोन्ही बाजूंना मिळून पावणेतीन मिमी कमी. बोगीच्या बाजू रुळाप्रमाणे आत घ्यायच्या की बॉडीप्रमाणे बाहेर ठेवायच्या? मी बाहेर ठेवल्या. चाक आणि फ्रेम यांत जास्तीची फट राहते, पण बाजूने ती दिसत नाही. फ्रेम आत घेतली असती तर बॉडीखाली पोकळी दिसली असती. बाजू बाहेर ठेवायच्या तर लांब धुरा लागतो आणि धुऱ्याची टोकं फिरतात ते पितळी बेअरिंग-कप नीट खोल बसवावे लागतात.

लांब बोगी वळणावर जास्त झुलते. पिव्हटपासून बाहेरचं चाक पूर्वी साडेअकरा मिमीवर होतं, आता साडेसोळाच्या पुढे. त्यामुळे अरुंद वळणावर चाकाची कड व्हरांड्याच्या पायऱ्यांना घासत होती. पायऱ्या आतून कानशीने पातळ केल्या. एक बोगी अशी आवळली की ती फक्त वळेल, डुलणार नाही. दुसरी सैल ठेवली, म्हणजे ती सगळीकडे डुलेल आणि आठही चाकं रुळावर टेकतील. आता ब्रेकव्हॅन पॉइंटवरून (रूळ बदलण्याच्या सांध्यावरून) न उडता जाते. सर्वात अरुंद वळणावर अजून एक पायरी किंचित लागते, तिथे मी वळणच मोठं करणार आहे.