रक्तगटाचा तक्ता आणि दोन रंगांची कार्डे

अकरावीच्या जीवशास्त्रात रक्ताभिसरणाचे प्रकरण सुरू झाले की रक्तगटांचा तो प्रसिद्ध तक्ता फळ्यावर काढावाच लागतो. ओ गटाकडून सर्वांकडे जाणारे बाण, सर्वांकडून एबी गटाकडे येणारे बाण आणि खाली ‘सार्वत्रिक दाता’, ‘सार्वत्रिक ग्राही’ अशी दोन लेबले. मुले तो दहा मिनिटांत पाठ करतात, परीक्षेत नीट उतरवतात आणि तरीही रक्त का जुळते किंवा का जुळत नाही हे त्यांना सांगता येत नाही, असा माझा फोंड्यातील अध्यापनाचा अनुभव आहे. बाणांचा तक्ता चुकीचा नाही. पण बाणावरून नेमके काय वाहत आहे हे तो सांगत नाही आणि रक्तसंक्रमणातील सगळी मेख तिथेच आहे.

म्हणून मी बाण शेवटी काढते आणि आधी कार्डे वाटते. प्रत्येक मुलाला एक तांबडे आणि एक पिवळे. तांबड्या कार्डावर त्याच्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर कोणते प्रतिजन, म्हणजे गट ठरवणाऱ्या खुणा, आहेत ते लिहिलेले असते आणि पिवळ्यावर त्याच्या रक्तद्रवात, म्हणजे पेशी तरंगतात त्या पिवळसर द्रवात, कोणती प्रतिपिंडे (परक्या प्रतिजनांना चिकटणारी प्रथिने) आहेत ते. ए गटाच्या मुलाच्या तांबड्या कार्डावर ‘ए’ आणि पिवळ्यावर ‘अँटी-बी’. बी गटाचे नेमके याच्या उलट. एबी गटाच्या तांबड्या कार्डावर दोन्ही अक्षरे असतात आणि पिवळे कोरे. ओ गटाचे तांबडे कोरे आणि पिवळ्यावर दोन्ही. नियम एकच: दात्याचे तांबडे कार्ड ग्राहीच्या पिवळ्या कार्डावर ठेवायचे आणि तेच अक्षर दोन्हीकडे आले तर ते रक्त द्यायचे नाही. पंधरा मिनिटे वर्गात बाजार भरल्यासारखा गोंगाट होतो, पण त्यानंतर मुलांनी स्वतः काढलेला तक्ता पुस्तकातल्या तक्त्याशी तंतोतंत जुळतो.

अक्षर जुळले तर शरीरात काय होते, हे सांगताना एक गोंधळ मुद्दाम दूर करावा लागतो. पुष्कळ मुले ‘रक्त गोठते’ असे लिहितात. जखमेवर रक्त गोठणे ही वेगळी क्रिया आहे. इथे प्रतिपिंडे तांबड्या पेशींना चिकटतात. काचपट्टीवर त्यांचे डोळ्यांना दिसतील असे पुंजके होतात आणि रक्तवाहिनीत त्या पेशी फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब कोसळू शकतो. रक्त लावल्यावर पहिली काही मिनिटे परिचारिका थेंबांचा वेग कमी ठेवून रुग्णाजवळ थांबते ती यासाठीच, कारण गंभीर प्रतिक्रिया थोड्या रक्तानेही सुरू होऊ शकते.

ही गोष्ट प्रथम ज्यांनी उलगडली त्या कार्ल लँडस्टायनर यांचा प्रयोग मला आजही वर्गात करून दाखवण्याजोगा वाटतो. व्हिएन्ना येथे त्यांनी स्वतःसह प्रयोगशाळेतील सहा जणांचे रक्त घेतले, पेशी आणि सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, प्रतिपिंडे असलेला द्रव) वेगळे केले आणि प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. पुंजके झाले तेथे अधिकचे चिन्ह, झाले नाहीत तेथे उणे. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात तीन गट होते. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला आणि लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३० मध्ये. मी मुलांना गटांची नावे न देता असाच सहा जणांचा अधिक-उण्यांचा चौकोन देते आणि यात किती प्रकारची माणसे आहेत ते शोधा, असे सांगते. लँडस्टायनर यांच्या स्वतःच्या पेशींचे पुंजके कोणाच्याच सीरममध्ये झाले नव्हते, म्हणजे ते ओ गटाचे होते, हे मुलांना फार आवडते.

याच टप्प्यावर एखादी चौकस मुलगी विचारते, “टीचर, ज्याने कधी कोणाचे रक्त घेतलेच नाही, त्याच्या अंगात अँटी-बी आले कुठून?” प्रश्न रास्त आहे. आपल्या आतड्यातील जिवाणूंच्या आवरणावर ए आणि बी प्रतिजनांसारख्याच शर्करा असतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बाळाच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होऊ लागतात. जी शर्करा आपल्या स्वतःच्या पेशींवर आहे, तिच्याविरुद्ध मात्र होत नाहीत. आरएच घटकाचे, म्हणजे पेशींवर असलेल्या (पॉझिटिव्ह) किंवा नसलेल्या (निगेटिव्ह) डी या आणखी एका प्रतिजनाचे, तसे नाही. आरएच निगेटिव्ह माणसाच्या रक्तात अँटी-डी आपोआप नसते. पॉझिटिव्ह पेशींशी, रक्तसंक्रमणातून किंवा गर्भारपणात, संबंध आला तरच ते तयार होते. म्हणून निगेटिव्ह आईच्या पोटी पॉझिटिव्ह बाळ असण्याचा संभव असेल, तर साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की संतती सदोष होते, ही आपल्याकडे लग्न जुळवताना हमखास निघणारी भीती मात्र निराधार आहे, हेही इथेच सांगून टाकते. घरी कोणीतरी ते ऐकेल अशी आशा असते.

आता पिवळ्या कार्डांकडे. दात्याकडून सुमारे ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. आपण अजूनही त्याला ‘बाटली’ म्हणतो, पण असते ती प्लास्टिकची पिशवी. रक्तपेढीत बहुतेक वेळा ती तशीच रुग्णाला दिली जात नाही. यंत्रात वेगाने फिरवून तिचे घटक वेगळे केले जातात: तांबड्या पेशी फ्रिजमध्ये, रक्तद्रव गोठवून आणि प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवून, जेमतेम पाच दिवस. पावसाळ्यात गोव्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेट्ससाठी मोबाइलवर फिरणारे संदेश मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे घटक म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही. मग मी विचारते: रुग्णाला फक्त रक्तद्रव द्यायचे आहे, तर कोणते कार्ड कोणत्या कार्डावर ठेवाल? थोडा वेळ शांतता पसरते आणि नंतर कोणीतरी दात्याचे पिवळे कार्ड ग्राहीच्या तांबड्यावर ठेवते. सगळे बाण उलटतात. ज्याला आपण सार्वत्रिक दाता म्हणत होतो त्या ओ गटाचे रक्तद्रव फक्त ओ गटालाच चालते आणि एबी गटाचे रक्तद्रव कोणालाही चालते. माझ्या मते हा या पाठाचा गाभा आहे, आणि तो आपल्या क्रमिक पुस्तकांत एखाद्या ओळीतसुद्धा येत नाही याचे मला नवल वाटते.

शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगटाचा रकाना असतो. तो कसा भरला जातो हे प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक आहे: कोणी थोरल्या भावाचा गट लिहितो, कोणी आईला विचारून अंदाजाने. मुलांना वाटते की अपघात झाला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेले, तर डॉक्टर हे कार्ड पाहून रक्त चढवतील. तसे होत नाही. रुग्णालय रुग्णाचा नमुना घेऊन गट स्वतः तपासते आणि तोही दोन्ही बाजूंनी: ज्ञात प्रतिपिंडे घालून रुग्णाच्या पेशी पाहतात आणि ज्ञात पेशी घालून रुग्णाचे सीरम. दोन्ही उत्तरे जुळली तरच गट नक्की होतो.

दुसरी बाजू का तपासायची, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबईतच मिळाले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले, ज्याच्या पेशींचे पुंजके अँटी-ए किंवा अँटी-बी यांपैकी कशानेच होत नव्हते. पेशींवरून पाहावे तर ओ गट. पण त्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी घातल्या तरी पुंजके होत. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या एच पदार्थावर उभारले जातात, तो पदार्थच या माणसांच्या पेशींवर नसतो आणि म्हणून त्यांच्या रक्तद्रवात अँटी-एच असते. हा बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो, युरोपात त्याहूनही कितीतरी दुर्मीळ. अशा माणसाला ‘सार्वत्रिक दात्या’चे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते, त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. यासाठी मी तिसऱ्या रंगाचे एक कार्ड राखून ठेवलेले आहे, पण ते पाठ संपत आल्याशिवाय बाहेर काढत नाही, नाहीतर सगळा वर्ग त्यातच रमतो.

गट जुळला तरी क्रॉसमॅच असतेच, म्हणजे प्रत्यक्ष त्या पिशवीतील पेशी प्रत्यक्ष त्या रुग्णाच्या सीरममध्ये मिसळून पाहणे. ए, बी आणि डी यांखेरीज इतर अनेक प्रतिजन पेशींवर असतात आणि पूर्वी रक्त घेतलेल्या रुग्णात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात. जीव टांगणीला लागला असेल आणि तपासणीला वेळच नसेल, तेव्हा ओ निगेटिव्ह पेशी देतात हे खरे. पण आपल्या देशात शंभरात साधारण पाच जणच आरएच निगेटिव्ह असतात आणि त्यांतील ओ गटाचे आणखी थोडे, तेव्हा या दात्यावर सगळ्यांचा भार टाकून चालत नाही.

एवढे सगळे शिकवल्यावर मुलांना हे ऐकून धक्का बसतो की चुकीच्या गटाचे रक्त दिले जाण्याची बहुतेक प्रकरणे विज्ञान चुकल्याने नव्हे, तर नाव चुकल्याने घडतात. नमुन्याच्या नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे लेबल, किंवा पिशवी लावताना खाट चुकणे. आपल्याकडे नाईक आणि गावकर यांना तोटा नाही. एकाच वॉर्डात सारख्या नावाचे दोघे असणे मुळीच अशक्य नाही. म्हणून नळीवरचे लेबल रुग्णाच्या उशाशी उभे राहूनच लिहायचे आणि नावाबरोबर नोंदणी क्रमांकही पडताळायचा असतो.

एक काळजी मी बारावीला आनुवंशिकता शिकवताना घेते. वर्गातली गणिते काल्पनिक कुटुंबांचीच ठेवते आणि घरच्यांचे गट विचारून आणायला सांगत नाही. अंदाजाने भरलेल्या ओळखपत्रांवरून कोणाच्या घरात नाही ते प्रश्न उभे राहावेत अशी माझी इच्छा नाही, आणि बॉम्बे गटासारख्या अपवादांत ओ दिसणाऱ्या आई किंवा वडिलांचे मूल ए किंवा बी निघू शकतेच.

चाचणीत मी या पाठावर एकच प्रश्न देते. एबी गटाच्या रुग्णाला रक्तद्रव हवे आहे; फ्रीझरमध्ये ओ, ए आणि एबी गटांचे आहे; कोणते द्याल आणि का? ‘एबी सार्वत्रिक ग्राही असल्यामुळे कोणतेही’ असे लिहिणाऱ्याला गुण नाहीत. ‘एबी’ एवढेच लिहिणाऱ्याला तीनपैकी एक. आणि जो उत्तरपत्रिकेच्या समासात दोन चौकोन काढून त्यांत अक्षरे भरतो, त्याला वाक्यरचना कशीही असली तरी मी पूर्ण गुण देते.