शिंकेचा मुहूर्त

गणपतीला वाहायची दूर्वांची जुडी नाकाशी धरली तरी सहसा शिंक येत नाही. कोवळी तीन पानांची दूर्वा फुलावर आलेलीच नसते. तीच हरळी कुंपणाशी वाढू दिली की तिला चार-पाच बोटांचा पंजा फुटतो. त्या बोटांना परागाच्या जांभळट लोंबत्या पिशव्या दिसल्या, की परागाने शिंका येणाऱ्या नाकवाल्यांनी सावध व्हावं.

नाशिकमध्ये गवताच्या परागाचा हा मोसम पावसाळा सरताना येतो. पांडवलेणीच्या उतारावर, चामरलेणीला, रामशेज किल्ल्याच्या वाटेवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं कमरेएवढी होतात. येवला-मालेगावकडे बाजरी-मका, इगतपुरीकडे भात. ही सगळी एकाच कुळातली, आणि पराग वाऱ्यावर सोडून मोकळी होणारी. गाजर गवत मात्र नावापुरतंच गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

‘पहाटेची हवा शुद्ध’ असं म्हणत गंगापूर रोडला पाचलाच पायात बूट घालणारे बरेच. गवतापुरतं ते खरं निघतं, पण श्रेय पहाटेचं नाही, दवाचं आहे. गवताच्या एका फुलात डोकावलं तर कळतं. बुडाशी दोन इवले खवले असतात. त्यांत पाणी भरलं की ते फुगतात आणि वरची तुसं फाकवतात. मग आतले, सहसा तीन, पुंकेसर बाहेर येतात. त्यांचे दोरे काही मिनिटांत कितीतरी पटींनी लांबतात आणि टोकाचे परागकोश हवेत झुलू लागतात. इथवर पाण्याचं काम. पुढचं काम कोरडेपणाचं: परागकोशाची भिंत वाळली की तो टोकाशी उकलतो आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पिठासारखी धूळ उडते. दव असेतोवर दुकान बंदच. ऊन चढून आठ-नऊला पाती सुकली की उघडतं. ढगाळ, दमट दिवशी मुहूर्त दुपारवर जातो किंवा हुकतोच. मग उघडीप पडल्यावर अडलेला माल एकदम बाहेर येतो, म्हणून पावसानंतरचा पहिला लख्ख दिवस अनेकदा जास्त छळतो.

बरं, सगळ्यांचं घड्याळ एकही नाही. ज्वारी रात्री-पहाटे फुलते, भात साधारण दहा ते बाराच्या दरम्यान, मका सकाळी. मक्याचा कण मोठा आणि जड, त्यामुळे बराचसा शेतातच पडतो. बाकी गवतांचे कण बहुतेक पंचवीस ते चाळीस मायक्रॉनचे. मिलिमीटरभर जागेत तीसेक सहज ओळीने बसतील.

गवताने सोडलेला कण नाकापर्यंत कधी पोचेल, ते हवा ठरवते. जमीन तापली की हवा वर चढते आणि कणांना घेऊन जाते. डोंगरउतारावर परागाची गर्दी सकाळी उशिरा होत असेल, तर वाऱ्याने शहरात यायला तिला दुपार होते. सूर्य कलला की जमीन आधी गार होते, वर जाणारे प्रवाह थांबतात आणि तरंगणारे कण खाली बसू लागतात. म्हणून शहरात दिवेलागणीला पुन्हा नाक चुरचुरतं. त्याच वेळी गच्चीवरचे कपडे काढून उशीच्या अभ्र्यासकट घरात आणले जातात, हे जरा गैरसोयीचंच आहे. कपडे चार-साडेचारलाच काढावेत, आणि खिडक्या सकाळी ऊन चढायच्या आत नि संध्याकाळी बंद कराव्यात. केस रात्री धुतले तर उशी वाचते.

तासातासाचा हा हिशेब मांडायचं यंत्र ब्रिटिश वनस्पतिरोगतज्ज्ञ हर्स्ट यांनी १९५२ साली दाखवलं. त्याचं पुढे सुधारलेलं रूप मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं आणि आतल्या फिरत्या ढोलावरच्या चिकट पट्टीवर सोडतं. ढोल तासाला दोन मिलिमीटर सरकतो, म्हणजे दिवसाची पट्टी ४८ मिलिमीटरची. मध्यरात्री सुरुवात केली असेल तर विसाव्या मिलिमीटरवर सकाळचे दहा. वेळ चक्क फूटपट्टीने मोजायची!

घरी काचपट्टीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवून ती गच्चीत आडोशाला ठेवता येते. दर दोन तासांनी बदलावी, मागे वेळ लिहावी, आणि शंभर ते चारशे पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. गोल कण आणि त्यावर कड असलेलं एकच भोक दिसलं, की गवत. कुठलं गवत, ते विचारू नये, सगळी भावंडं सारखीच दिसतात. व्हॅसलीन जाड झालं तर कण बुडतात, रस्त्याकडे ठेवली तर धूळच मोजावी लागते. शिवाय मोठे कण लवकर खाली बसतात, म्हणून ही मोजणी तुलनेपुरतीच धरावी.

पाऊस हवा धुतो, हे खरं. पण परतीच्या पावसाची गडगडाटी सुरुवात निराळी. ओल शोषून कण फुटतात आणि आतले अतिसूक्ष्म तुकडे नाक ओलांडून थेट छातीत उतरतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये राय गवताच्या परागाने असंच झालं. हजारोंनी इस्पितळं गाठली, दहा माणसं गेली. दमेकऱ्यांनी वादळाचं पहिलं वारं सुटताच घरात यावं आणि पंप हाताशी ठेवावा.

पुढे पांडवलेणीहून उतरताना मोज्यांत काळी पीळदार कुसळं रुतून बसतात, आणि शिंकांचा सगळा राग त्यांच्यावर निघतो. पण ते बी आहे. कुसळ टोचू लागलं, म्हणजे त्या रोपाचा पराग केव्हाच उडून गेलेला असतो.