सॉफ्टवेअर घड्याळ: सेकंद जुळला, आता तारखेची पाळी

एटीमेगा ३२८पी या ८ बिटांच्या मायक्रोकंट्रोलर चिपवरचं घड्याळ आता नोंद करण्याइतपत पुढे आलंय. वेगळी आरटीसी (फक्त वेळ राखणारी) चिप लावलेली नाही. डीएस३२३१ लावली की ±२ पीपीएमची (दहा लाखांत दोन भाग) अचूकता आयती मिळते आणि विषय संपतो. मला तर विषयच हवा होता. त्यामुळे मोजायचं ते चिपला ठोके देणाऱ्या १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर, बाकी सगळं कोडमध्ये.

सगळ्यात जास्त डोकं सेकंदावर खर्च झालं. सरळ रस्ता म्हणजे चिपमधल्या टायमर १ या मोजकाला १०२४ चा प्रीस्केलर द्यायचा (म्हणजे दर १०२४ ठोक्यांना तो एकने वाढतो) आणि १५६२५ पर्यंत मोजलं की एक सेकंद धरायचा. भागाकार नि:शेष जातो. पण कुठलाच क्रिस्टल नेमका १६ मेगाहर्ट्झवर चालत नाही, आणि या पद्धतीत दुरुस्तीला जागाच उरत नाही. १५६२५ चे १५६२६ केले की सेकंद एकदम ६४ पीपीएमने लांबतो, म्हणजे दिवसाला साडेपाच सेकंद! प्रीस्केलर २५६ घेतला तरी एक पायरी दिवसाला जवळजवळ १.४ सेकंदांची. माझा क्रिस्टल दिवसाला दोनेक सेकंद पुढे पळतो, त्याला इतक्या जाड पायरीने आवरता येत नाही.

म्हणून शिलकीची पद्धत घेतली. ८ बिटांचा टायमर, प्रीस्केलर ६४. दर १०२४ मायक्रोसेकंदांनी ओव्हरफ्लो, म्हणजे टायमर भरून पुन्हा शून्यावर येतो आणि इंटरप्ट देतो: चालू काम थांबवून कोडचा एक छोटा तुकडा चालतो. प्रत्येक इंटरप्टमध्ये ३२ बिटांच्या एका बेरजेत १०२४ मिळवायचे. बेरीज १०,००,००० ला पोचली किंवा पुढे गेली की तेवढे वजा करायचे आणि सेकंद एकने वाढवायचा. उरलेले मायक्रोसेकंद फेकायचे नाहीत, ते पुढच्या सेकंदात धरायचे. त्यामुळे एखादा सेकंद ९७६ ओव्हरफ्लोंचा होतो, एखादा ९७७ चा. सरासरी बरोबर येते आणि एक मिलिसेकंदाची ही डगमग डोळ्यांना कळत नाही. खरा फायदा पुढे आहे. १०,००,००० च्या जागी १०,००,०२३ लिहिलं की २३ पीपीएमची दुरुस्ती झाली. एका अंकाचा फरक दिवसाला ०.०८६४ सेकंदांचा. याहून बारीक जाण्यात अर्थ नाही, तेवढा फरक तापमानच पाडतं.

इंटरप्टमध्ये तास-मिनिटं अजिबात ठेवलेली नाहीत. ठेवली तर १०:५९:५९ ला डिस्प्लेचा कोड तास वाचतो १०, तेवढ्यात इंटरप्ट येऊन वेळ ११:००:०० होते, आणि पडद्यावर क्षणभर १०:००:०० उमटतं. वाचताना इंटरप्ट बंद ठेवणं हा नेहमीचा उपाय. मी त्याऐवजी इंटरप्टकडे फक्त एका बाइटचा, व्होलाटाइल घोषित केलेला (म्हणजे कंपाइलर दर वेळी तो मेमरीतून नव्याने वाचतो) सेकंद-मोजक दिला. मुख्य लूप त्याची स्वतःची प्रत बाळगतो. दोन्ही जुळेपर्यंत प्रत एकेकाने वाढवतो आणि दर वेळी घड्याळ एक सेकंद पुढे ढकलतो. ८ बिटांच्या चिपवर एक बाइट एका दमात वाचला जातो, त्यामुळे कुलूपकिल्लीची गरज नाही. लूप २५५ सेकंदांहून जास्त अडकला तर गडबड होईल, पण तेवढा अडकला तर घड्याळ हा दुय्यम प्रश्न असेल.

कॅलेंडर त्या मानाने सोपं. फेब्रुवारी वगळता महिन्याचे दिवस तक्त्याशिवायही निघतात: महिन्याचा क्रमांक, त्यात तोच तीन बिट उजवीकडे सरकवून मिळवायचा, शेवटचं बिट ३० मध्ये घालायचं. ऑगस्टला ८ अधिक १ म्हणजे ९, विषम, म्हणून ३१. लीप वर्षासाठी २००० ते २०९९ या पट्ट्यात वर्षाची शेवटची दोन बिटं शून्य आहेत का, एवढं पाहिलं की पुरे. २००० ला ४०० ने भाग जातो म्हणून ते लीपच होतं, आणि २१०० लीप नाही, पण तिथवर हे घड्याळ पोचवायचा माझा विचार नाही. वार रोज मध्यरात्री एकने पुढे जातो. तारखेवरून वार काढायचं सूत्र फक्त तारीख लावताना चालतं, कारण त्यात भागाकार लागतो आणि एव्हीआरमध्ये (या चिपच्या प्रोसेसर-कुळात) भागाकाराची सूचनाच नसते.

हाच कोड पीसीवर कंपाइल करून १ जानेवारी २०००, शनिवार, इथून पुढचे सगळे ३६,५२५ दिवस सी लायब्ररीशी ताडून पाहिले. चिपवर लीप वर्षाची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं.

बटणांत दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. सेकंद शून्य करताना ती शिलकी बेरीज आणि टायमरही शून्य करायचे, नाहीतर जुळवलेली वेळ जवळपास सेकंदभर सरकू शकते. आणि ३१ तारखेवर असताना महिना फेब्रुवारी केला तर तारीख आपोआप खाली ओढायची.

पुढचा टप्पा बॅटरीचा. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल टायमर २ ला, प्रीस्केलर १२८, बरोबर सेकंदाला एक ओव्हरफ्लो, मधल्या वेळात चिप पॉवर-सेव्ह या झोपेच्या अवस्थेत. या चिपवर त्या क्रिस्टलच्या पिना मुख्य क्रिस्टलच्याच असल्याने १६ मेगाहर्ट्झ काढून आतल्या ८ मेगाहर्ट्झवर यावं लागेल. शिवाय जागं झाल्यावर पुन्हा झोपण्याआधी त्या संथ क्रिस्टलचं एक आवर्तन तरी जाऊ द्यावं लागतं, नाहीतर इंटरप्टने जागं होणं बिघडतं. टायमर २ च्या एखाद्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायचं आणि एएसएसआर या स्थिती-रजिस्टरमधलं त्याचं बिझी बिट (लिहिणं चालू असल्याची खूण) उतरेपर्यंत थांबायचं, हा डेटाशीटमधलाच उपाय वापरणार आहे. दुरुस्तीचं गणित मात्र नव्याने मांडावं लागेल, कारण तिथे सेकंदाला एकच ठोका हाती येतो.