राखीव गोलकीपर: बसून शिकायचं की खेळून?

फुटबॉलमध्ये राखीव विंगरला शेवटची दहा-पंधरा मिनिटं तरी मिळतात. राखीव कीपरला तीही मिळत नाहीत, कारण पहिल्याला लागलं-बिगलं नाही तर कीपर कोणी बदलत नाही. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि गेल्या सीझनपर्यंत नाशिकमधल्या एका चांगल्या क्लबात दुसऱ्या नंबरचा कीपर होता. तिथेच थांबायचं की लहान टीममध्ये जाऊन प्रत्येक मॅच खेळायची, यावर आमच्या घरात महिनोन्‌महिने चर्चा चालली. तेव्हा सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

क्लब सोडवत नव्हता, कारण तिथे कीपरसाठी वेगळे सर आहेत. चेंडू पकडताना अंगठे त्याच्या मागे हवेत, पडताना कोपर नाही तर कूस टेकवायची, समोरचा शॉट मारतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर हवेत, हे त्यांनी एकेक करून बसवून घेतलं. डिसेंबरच्या थंडीत नाशिकरोडहून पहाटे निघून तो प्रॅक्टिसला जायचा आणि कधी कंटाळला नाही. मॅचच्या दिवशी मात्र बिब (राखीव खेळाडूंचं रंगीत बनियन) घालून बाकावर बसायचा. येताना द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तरी तोंडातून शब्द नाही.

एकदा पहिला कीपर तापाने आजारी पडला आणि याला उभं केलं. दोन शॉट त्याने असे काढले की समोरच्या टीमचे पालकही टाळ्या वाजवू लागले. मग कॉर्नर आला. चेंडू सिक्स यार्डमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या छोट्या चौकोनात, उंच तरंगत होता. हा एक पाऊल पुढे आला, थबकला, आणि मधल्यामध्ये त्यांच्या पोराने डोकं लावलं. मॅच संपल्यावर सर मला म्हणाले, "ताई, हात तयार आहेत त्याचे. गोललाइन सोडून पुढे कधी यायचं हे मात्र मी प्रॅक्टिसमध्ये नाही शिकवू शकत. तिथे धक्का मारणारं कोणी नसतं."

माझं मत त्या वाक्याने पालटलं.

मुलाचं मात्र पालटलं नव्हतं. त्याच्याकडे उदाहरण होतं प्रभसुखन गिलचं. २०१७च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताच्या तिन्ही मॅच धीरज सिंग खेळला आणि गिल बाकावर होता. पुढे २०२१-२२च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) केरला ब्लास्टर्सचा पहिला कीपर अल्बिनो गोम्स जखमी झाला, गिल आत आला आणि सीझनअखेर सर्वोत्तम कीपरचा गोल्डन ग्लोव्ह घेऊन गेला. "बघ आई, बसूनही होतं!" मी शोधलं, तर मधल्या काळात गिल इंडियन ॲरोज या तरुण खेळाडूंच्या टीमकडून आय-लीगमध्ये खेळत होता. म्हणजे बाकावरून थेट ग्लोव्ह नाही. बेल्जियमचा कीपर कोर्टवा, त्याचंही तेच. चेल्सीने त्याला २०११मध्ये घेतलं आणि आपला पहिला कीपर पीटर चेक याच्या मागे बसवण्याऐवजी तीन सीझन स्पेनच्या ॲटलेटिकोला उसना दिलं. तो परत आला तो चेकची जागा घ्यायलाच. इटलीचा डोनारुम्मा सोळाव्या वर्षी मिलानकडून उभा राहिला, पण ते लाखात एक. आणि अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ आर्सेनलमध्ये दहा वर्षं थांबून २०२२चा वर्ल्डकप जिंकला खरा, पण त्या दहा वर्षांतही तो कितीतरी क्लबांत उसना जाऊन आला.

आम्ही सुरुवात शाळेपासून केली. शालेय स्पर्धेला क्लबचा संबंध नसतो, त्यामुळे काही न सोडता मॅच मिळतात. ज्यांचं मूल राखीव आहे त्यांनी आधी हेच बघावं. पण शालेय मॅच हरलं की संपलं, म्हणून लीग खेळणारी एक लहान टीम शोधली. नोंदणी एकाच क्लबची चालते, तेव्हा जुन्या क्लबची एनओसी (ना हरकत पत्र) लागली. ती मिळायला फार वेळ गेला. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्यात आमचे आठवडे गेले. सरांना मात्र मी स्पष्ट विचारलं, रविवारची कीपर प्रॅक्टिस चालू ठेवाल का? ते लगेच हो म्हणाले.

ती प्रॅक्टिस मी सर्वांत महत्त्वाची मानते. नवीन टीमचा डिफेन्स कच्चा आहे, शॉटवर शॉट येतात, आणि घाईत मुलगा पकडण्याजोगा चेंडूही ठोसा मारून घालवायला लागला होता. सरांनी ते वेळेत धरलं. मॅच आहेत पण शिकवणारं कोणी नाही, असं झालं तर वाईट सवयीच पक्क्या होतात.

पहिल्याच मॅचला पाच गोल खाल्ले. मला धडकी भरली होती, पण येताना तो पूर्ण रस्ता बोलत होता, कुठला चेंडू कुणाचा होता, कोणी मार्किंग सोडलं. हळूहळू कॉर्नरला त्याचा आवाज ऐकू यायला लागला, "कीपर!" आणि तो बाहेर येऊन घ्यायचा. चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर कॉर्नर द्यायचा, हा २०२५चा नवा नियमही त्याला रेफरीने हात वर करून सेकंद मोजले तेव्हाच खरा कळला.

परवा जुन्या क्लबाने परत विचारलं. पहिला कीपर आता वरच्या वयोगटात गेला आहे. मुलाने सरांना एवढंच विचारलं, "सर, मॅच किती मिळतील?" त्यांचं उत्तर मिळाल्यावर एनओसीचा अर्ज पुन्हा लिहू, या वेळी पहिल्या दिवशीच.